घरटी एक माणूस

मांडवकरांच्या घरातले बाप्ये अंथरुणाला खिळून मरत नाहीत, असं आमच्याकडे म्हणत. म्हणणाऱ्याला ते कौतुक वाटे. आजा गेला तो नांगरामागून चालता चालता. बाप गेला तो लांज्याच्या बाजारातून येताना. डोक्यावरची टोपली खाली ठेवून जरा टेकतो म्हणाला आणि टेकलाच. चुलता तर जेवणाच्या पानावरून उठला नाही. "कुणाला त्रास नाय, कुणाकडून सेवा नाय, पुण्यवान माणसं," असं लोक तिरडी बांधता बांधता बोलत. अहो, कसले पुण्यवान! पन्नाशी एकानेही बघितली नव्हती. पुण्य कशाशी खातात ते त्यांच्या बायकांना विचारायला हवं होतं.

चुलता गेला तेव्हा सगुणा त्या घरात नवी सून होती. तिनेच त्याला भात वाढला होता. आमटी घेऊन वळते तो चुलतसासरा भिंतीला टेकलेला, घास हातात. तेव्हापासून सगुणेच्या पोटात जे भय बसलं ते बसलंच. तिचा नवरा धाकू तेव्हा मुंबईला गिरणीत होता, म्हणून निदान रोज समोर दिसत नसे. संपात गिरणी गेली आणि धाकू कायमचा घरी आला, तशी ती सकाळ-संध्याकाळ त्याच्या तोंडाकडे बघत राही. तो खोकला तरी ती चुलीवरचं टाकून बाहेर येई. घाम जास्त आला, घास अडकला, उगाच उसासा टाकला, की लगेच एसटीत घालून लांज्याच्या डॉक्टरकडे. डॉक्टर नळी लावून बघे, काही नाही म्हणे, आणि धाकू परतीच्या वाटेवर तिला घाल घाल शिव्या घाले.

"तू मना जित्तेपणी पोचवशील गो एक दिवस," तो म्हणे.

"पोचवत नाय, राखतंय," ती म्हणे.

घरात थोरला भाऊ भिकाजी, त्याची बायको कमळा, धाकू आणि सगुणा. धाकूचा पोरगा बाबल्या मुंबईला एका छापखान्यात चिकटला होता. चूल एक, शेत एक. दोघा भावांत कधी वाकडा शब्द नाही. धाकू चाळिशी ओलांडलेला गडी, पण दादासमोर विडी ओढत नसे.

त्या साली शिमग्याला गावच्या मुंबई मंडळाचा रामजी आला. सहाणेवर, म्हणजे पालखी बसते त्या चौथऱ्यावर, गावाची बैठक बसली आणि रामजीनं बातमी दिली. वैशाखात गावच्या शाळेत हृदयाची तपासणी. मुंबईहून डॉक्टर येणार, यंत्र येणार, छातीला वायरी लावून कागदाच्या पट्टीवर काळजाचं चालणं उमटवणार. दुखण्याच्या आधीच कळणार. मुंबईत ह्याला भरमसाट पैसे पडतात, मंडळानं भार उचलल्यामुळे गावात एका नारळाच्या भावात होणार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग रामजी म्हणाला, यंत्र एक, डॉक्टर एक आणि दिवसही एकच. सगळा गाव काही होणार नाही.

गावचे मानकरी बाबाजी गावकर पानाची पिचकारी टाकून म्हणाले, "त्यात काय एवढं? घरटी एक माणूस."

झालं. सगळ्यांनी माना डोलावल्या. कारण आमच्याकडे सगळं घरटी एकच चालतं. पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, बांध घालायचा आहे, घरटी एक माणूस. मर्तिकाला लाकडं फोडायची आहेत, घरटी एक. पालखीच्या खांद्याला, वणवा विझवायला, वाटेवरचा चिखल काढायला घरटी एक, आणि त्या एकानं केलं की ते घरानं केलं. बाकीची मंडळी खुशाल झोपा काढू देत, त्यांना कुणी नाव ठेवायचं नाही. पिढ्यान् पिढ्या असंच चाललेलं. तेव्हा बांधाला चालतं ते छातीला का चालू नये, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात येणार? नाहीच आलं.

सगुणेच्या मात्र एकच आलं. तो एक माणूस धाकू असला पाहिजे.

दुपारी दोघे भाऊ जेवायला बसले होते. सगुणेनं आयुष्यात कधी थोरल्या दिरासमोर तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी पदर पुढे ओढून ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "भावोजी, एक मागणं हाय. त्या तपासणीला ह्यांना जाव द्या."

भिकाजीचा घास तोंडाशी थांबला. पण आधी कडाडली ती कमळा.

"का गो? आमचं माणूस काय वाटेवर पडलंय? ह्यांचा बाप न् त्यांचा बाप काय येगळा हुता? तुझं तेवढं कुंकू आणि माझी काय हळद?"

कमळेचं तरी काय चुकलं सांगा! भिकाजी थोरला, पन्नाशी त्याची जवळ आलेली. भय तिलाही होतं. ती फक्त सगुणेसारखी एसटीत बसवून नेत नव्हती, देवाला सांगून गप्प बसत होती. एका घरात दोन बायका, दोघींना एकच भय आणि जाणार माणूस एक.

"जाव दे धाकूला," भिकाजी म्हणाला. "मना काय धाड भरलीय?"

धाकूनं ताट पुढे सारलं. "असं कसं, दादा? तुमी असताना मी पुढं व्हवू? उद्या गाव तोंडात शेण घालील. घरचं वडील माणूस तुमी, तुमीच जायचं." आणि सगुणेकडे न बघता म्हणाला, "तू आत जा आदी."

ती आत गेली. पण गप्प बसली असं समजू नका. गोठ्यात तो गुरं बांधायला आला तेव्हा तिनं त्याला गाठलंच.

"दोघं जा. गावकरांच्या पाया पडते मी. आपल्या घराला दोन द्या म्हणून सांगते."

"घरटी एक म्हटल्यावर दोन कशी? मागल्या घराची पाळी खायची आपण?" मग तिचा चेहरा बघून तो जरा नरमला. "अगो, येडी काय तू? दादा आणि मी एका आईच्या पोटचे. त्यांचं चांगलं निघालं तर माझं वायट कसं निघंल? आणि त्यांचं वायट निघालं तर मंग बगू. पैसं घालून रत्नागिरीला जाऊ. झालं समादान?"

बोलणं चोख वाटत होतं. चोख वाटणारं बोलणंच माणसाला खड्ड्यात घालतं, पण ते मागाहून कळतं.

वैशाखात डॉक्टर आला. शाळेत दोन बाकं जोडून त्यावर गोधडी अंथरली होती. घराघराचं नाव पुकारलं जाई, त्या घरचा वडीलधारा सदरा काढून आडवा होई, आणि बाहेर व्हरांड्यात त्याच्या घरच्या बायका जीव मुठीत धरून उभ्या राहत. मांडवकरांचं नाव आलं. कमळेनं सगुणेचा हात धरला. दोघी महिनाभर बोलत नव्हत्या, पण त्या वेळी धरला, आणि सगुणेनंही सोडवून घेतला नाही.

आतून डॉक्टरचा आवाज आला, "उत्तम आहे. काही काळजी करू नका."

भिकाजीनं विचारलं, "बापासारखं नाय ना व्हणार?"

"तसं काही दिसत नाही. तंबाखू मात्र सोडा. चला, पुढचे कोण?"

डॉक्टरला दोष द्यायचा तर देता येतो. घरात आणखी कोण, असं त्यानं विचारायला हवं होतं. पण बाहेर रांग देवळापर्यंत गेली होती, आणि बिचाऱ्याला वाटलं असणार की ज्यांना भय आहे ते सगळे आलेच आहेत. घरटी एकचा कायदा त्याला कुणी सांगितलाच नव्हता.

भिकाजी सदऱ्याची बटणं लावत बाहेर आला तो हसतच. कमळा तिथेच रडली. धाकूनं सगळ्यांदेखत दादाच्या पायावर डोकं ठेवलं. बाबाजी गावकर पाठीवर थाप मारत म्हणाले, "चला, मांडवकरांचं झालं! घराण्याचा डाग गेला. शितावरून भाताची परीक्षा." आणि सगळा गाव खूश. भात एका हंड्यात शिजतो म्हणून ती परीक्षा चालते, हे तिथं सांगायला कोण बसलं होतं?

आणि सगुणा? सगुणेला त्या दिवशी जे सुख लाभलं ते लग्नानंतर तिला कधी लाभलं नव्हतं. गावदेवीला नारळ फोडून ती घरी आली, पेज प्याली आणि दिवसाढवळ्या पडवीत आडवी झाली ती तिन्हीसांजेपर्यंत उठली नाही. कमळेनं तिला हलवलं नाही, उलट तिच्या वाटणीची भांडी घासून टाकली. पुढच्या दिवसांत तिच्या अंगावर मांस चढलं. ती गाणी म्हणायला लागली. धाकू खोकला तर ती मान वर करत नसे. एकदा तर तोच चिडवायला मुद्दाम छाती धरून बसला, तर ही खो खो हसली आणि म्हणाली, "बसा तसंच, गुरं मी सोडतंय."

आषाढात लावणी करताना धाकू चिखलात मध्येच उभा राहिला. छातीत भरल्यासारखं वाटतंय म्हणाला. सगुणेनं लसूण घालून तेल कडवलं, पाठीला चोळलं. "वात हाय," ती म्हणाली. त्यालाही पटलं. गणपतीत जाखडी नाचायला उभा राहिला आणि पहिल्याच फेऱ्याला धाप लागून बाजूला झाला. लोक हसले, गिरणीतलं शरीर म्हणाले. डाव्या हाताला मुंग्या येत, तर भारा उचलून शीर आखडली असेल असं ठरलं. अगोदरची सगुणा असती तर ह्यातल्या पहिल्याच दुखण्याला तिनं त्याला बखोटीला धरून एसटीत कोंबला असता, आणि लांज्यातून रत्नागिरीला, तिथून मुंबईला नेला असता. तिनं कुणाला जुमानलं नसतं. पण आता यंत्रानं सांगितलं होतं. नळीवर तिचा विश्वास नव्हता, यंत्रावर होता.

भात कापून झालं. मळ्यातून भारे वर खळ्यात आणायचे, म्हणजे जांभ्याची उभी घाटी चढायची. सकाळी धाकू उठला तो अंगणात पायरीवरच बसला. तोंड धुतलं नाही.

"आज भारं नको काय?" तो म्हणाला. "उद्या आणू. बरं वाटत नाय. खांद्यापासून दुखतंय."

सगुणा कणगी झाडत होती. तिनं आभाळाकडे बघितलं. "आणि रात्री पाऊस उतरला मंग? सगळं भात कुजंल मळ्यात. उठा, चार पावलं चाललात की सुटंल अंग. काय नाय झालेलं तुमाला."

तो उठला. बायकोचं भय घालवायला आयुष्यभर धडपडलेला माणूस, ती निर्भय झाली तर तिला नाही कसं म्हणणार? दोरी खांद्यावर टाकून तो खाली उतरला. मागून भिकाजी गेला.

पहिला भारा त्यानं आणला. दुसरा घेऊन घाटी अर्धी चढला आणि भाऱ्यासकट खाली बसला. भिकाजी वीस हात मागे होता. तो धावत पोचला तेव्हा धाकू भाऱ्याखालून बाहेर यायला धडपडत होता. भिकाजीनं भारा ढकलला, त्याला मांडीवर घेतलं. "दादा, सगुणेला सांगू नका, घाबरंल," एवढंच तो बोलला.

खुर्चीला दांडे बांधून डोली केली. हमरस्त्यापर्यंत गावानं खांदे बदलत त्याला धावत नेला. घरटी एक माणूस आला होता. तिथून ट्रक थांबवून लांज्याला. सगुणा ट्रकमध्ये त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि त्याच्या थंड पायांना हात लावायचं टाळत होती.

डॉक्टरनं नळी लावली आणि काढून ठेवली. ह्याच डॉक्टरनं ह्याच माणसाला किती वेळा काही नाही म्हणून परत पाठवला होता. तोही बावरला.

"हल्ली आणलात नाही कधी. मला वाटलं, तुमच्या गावात ती तपासणी झाली तिथे काढला असेल ह्याचा आलेख."

"झालेली ना," भिकाजी म्हणाला. "आमच्या घराचं चांगलं निघालेलं."

"कुणाचं?"

"आमच्या घराचं."

"अहो, पण यंत्र कुणाच्या छातीला लावलं?"

भिकाजीचा हात सावकाश स्वतःच्या छातीवर गेला. डॉक्टर त्याच्याकडे बघतच राहिला. मग खाली बघून हात धुवायला गेला. सगुणा तिथंच होती. तिनं सगळं ऐकलं. ती रडली नाही, उलट तिनं धाकूच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं, आणि मग एकदम तिला गोठ्यातलं ते बोलणं आठवलं, आणि पायरीवर बसलेला धाकू आठवला, आणि तिनं असा काही टाहो फोडला की रस्त्यावरची माणसं थांबली.

ते घर पुढे कसं चाललं ते विचारू नका. कमळा सगुणेच्या नजरेला नजर देत नसे, हळदीकुंकवाला बाहेर जाताना मागच्या दारानं जाई. भिकाजी खाई, कामाला जाई, पण कुणी "कसं काय" विचारलं की छातीवर थापट्या मारी आणि म्हणे, "माझं उत्तम हाय. यंत्रानं सांगितलंय." पहिल्यांदा लोकांना वाटलं, दुःखानं बोलतोय. मग कुणी विचारेनासं झालं.

दुसऱ्या वैशाखात रामजी परत आला, मंडळ परत तपासणी घेणार म्हणून. मुंबईचे चाकरमानी सुट्टीवर आलेले, त्यांत बाबल्याही होता. विशीतला पोरगा, पण चालताना बापासारखा डावा खांदा उतरवून चाले. सगुणा त्याला पाठमोरा बघे आणि हातातलं काम टाकून उंबऱ्यात येई.

सहाणेवर बैठक बसली. बाबाजी गावकर म्हणाले, "गेल्या साली ज्यांचं राहिलं त्या घरांनी यंदा यायचं. ज्यांचं झालं, त्यांचं झालं. घरटी एक माणूस." आणि घरं मोजता मोजता सहज बोलून गेले, "मांडवकर नको, त्यांचं झालेलं हाय."

कुणाला काही वाटलं नाही. तेवढ्यात सगुणा चौथऱ्याच्या पायरीवर येऊन उभी राहिली. बायांनी बैठकीला यायचं नसतं, आणि ही तर वर्षही न फिरलेली विधवा.

"माझ्या घराचं नाय झालेलं," ती म्हणाली.

"अगो बाय, भिकाजी गेलेला ना गेल्या साली," बाबाजी समजुतीनं म्हणाले.

"भावोजींच्या घराचं झालं. माझं घर येगळं हाय. माझी चूल आजपासनं येगळी. माझ्या घरचा माणूस बाबल्या."

एकच गलका उठला. सहाणेवर, पालखीच्या जागी, चूल वेगळी म्हणून बोललं की ते मागे घेता येत नाही. मग जमीन वाटली जाते, गुरं वाटली जातात, मेल्यावर सुतकसुद्धा वेगळं मोजलं जातं. मांडवकरांचं घर चार पिढ्यांत फुटलं नव्हतं. बाबल्या "आये, काय बोलतंस" म्हणत पुढे झाला. बाबाजी गावकर चिडले, "आज ही मोडंल, उद्या अख्खा गाव चुली मोडंल! भिकाजी, घर तुझं. तू बोल."

भिकाजी उठला. त्यानं खांद्यावरचा पंचा हातात घेतला.

"येगळी केली," तो म्हणाला. "देवासमोर सांगतंय. ही गेल्या सालीच करायला हवी हुती. मी नाय केली." आणि खाली बसून त्यानं तोंडावर पंचा ओढला.

तपासणीच्या दिवशी बाबल्या बाकावर आडवा झाला. डॉक्टर गेल्या सालचाच होता, मुंबईचा. सगुणा बाहेर थांबली नाही, आत जाऊन डॉक्टरला धाकूचं सांगितलं आणि पोराच्या उशाशी उभी राहिली. पट्टी सरसर बाहेर आली. डॉक्टरनं ती दोन्ही हातांत ताणून बघितली.

"छान आहे. मुलाला काही नाही. मधूनमधून बघत राहा, बापाचं तसं झालंय म्हणून. बाकी आई, आता निर्धास्त राहा."

"ही पट्टी ह्याचीच ना?" तिनं विचारलं.

डॉक्टर हसला. "दुसऱ्या कुणाची असणार?"

ती हसली नाही. बाबल्याला सदरा घालायला लावून ती बाहेर आली. व्हरांड्यात बाया उभ्या होत्या. मागे, खांबाला टेकून, कमळाही होती. राही म्हणून एक म्हातारी पुढे झाली, सगुणेच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली आणि म्हणाली, "सुटलीस गो बाय. आता तरी निर्धास्त झालीस."

"निर्धास्त मी गेल्या साली झालेले, आये," सगुणा म्हणाली, आणि बाबल्या कुठे चालला ते बघत त्याच्या मागोमाग गेली.